सोबतीचें भय

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोंच पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. घरांतलें पोर अद्याप धड बोलूंही लागलेलें नसतें. पण त्याला कोणत्या शाळेंत घालावयाचें याचीं खलबतें शनिवारवाड्यांतल्या मसलतींना लाजवतील इतक्या गंभीरपणें चाललेलीं असतात. कोणत्या शाळेचे अर्ज केव्हां निघणार, कोणत्या मंडळाचा अभ्यासक्रम पुढें उपयोगी पडणार, फी किती, बस दारापर्यंत येते कीं नाहीं, संस्थाचालकांकडे कोणाचा वशिला लागेल काय, या प्रश्नांचा ऊहापोह आठ-आठ दिवस पुरतो. या सर्व चर्चेंत एका शाळेचें नांव मात्र चुकूनही निघत नाहीं. ती शाळा पुष्कळदां घरापासून हाकेच्या अंतरावर असते. तिला फी नसते; तेथें पुस्तकें फुकट मिळतात, दुपारचें जेवण मिळतें. ती महानगरपालिकेची शाळा होय. तिची पारख होऊन ती नापसंत ठरते असें नव्हे. तिचा विचारच होत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय हा न होणारा विचार आहे.

आरंभींच एक कबुली देणें भाग आहे. नाहीं तर पुढें केव्हां तरी ती बाहेर येऊन आमच्या म्हणण्याची किंमत उणी होईल. आम्ही स्वतः मराठी माध्यमाच्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेंत शिकलों. इंग्रजी मुळाक्षरें आम्हीं प्रथम पांचवींत गिरविलीं, आणि पुढें पंचवीस-तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवूनच पोट भरलें. असें असूनही आमच्या कन्येची शाळा निवडण्याची वेळ आली तेव्हां, सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्हीं तिला शहरांतील एका इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेंत घातलें. घरासमोरच्या पालिकेच्या शाळेचा उंबरा आम्हीं ओलांडून पाहिला नाहीं. त्या वेळीं कोणी विचारतें तर ‘मुलीच्या भवितव्याशीं प्रयोग नको’ असें ठरीव उत्तर आम्हींही दिलें असतें. विचारलें कोणींच नाहीं.

विचारलें तें गेल्या वर्षीं. आमच्या महाविद्यालयांतील एक शिपाई मुलीच्या फीसाठीं पतपेढींतून कर्ज काढीत होते, आणि जामीनदार म्हणून आमची सही घेण्यास आले होते. चौकशी करतां करतां आम्ही म्हणालों, “मामा, तुमच्या घराजवळ कॉर्पोरेशनची शाळा आहे. फी नाहीं, पुस्तकं फुकट. मग हे कर्ज कशाला काढतां?” मामा क्षणभर थांबले आणि अगदीं अदबीनें म्हणाले, “सर, आपल्या ताई होत्या का हो तशा शाळेंत?” आम्हीं निमूटपणें सही केली. या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आणि आमच्या ओळखीच्या शंभर सुशिक्षित कुटुंबांपैकीं नव्वदांपाशीं तें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. सरकारी तेवढें पवित्र आणि खासगी तेवढें त्याज्य, असा सिद्धांत आम्हांस मांडावयाचा नाहीं. पुण्यांत राहून तो मांडणें ही कृतघ्नपणाची परमावधि होईल. १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढली ती खासगीच होती. सावित्रीबाईंना शिक्षिका म्हणून कोणा सरकारनें नेमलें नव्हतें. पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं त्यांनीं शाळा काढल्या त्याही खासगीच. १८८० च्या जानेवारींत, सरकारी नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं टिळकांच्या साह्यानें न्यू इंग्लिश स्कूल काढलें. शिक्षण सुलभ आणि स्वस्त करावें हा त्या मंडळींचा उघड हेतु होता. १८८४ सालीं रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींनीं मुलींचें हायस्कूल सुरू केलें, तेंच पुढें हुजूरपागा या नांवानें घरोघर ठाऊक झालें. या सर्व उद्योगांचा धर्म एकच होता : जें दार सरकारनें उघडलें नव्हतें, किंवा अर्धवटच उघडलें होतें, तें उघडणें. शिक्षकानें अल्प वेतन पत्करावें आणि विद्यार्थ्याची वाट मोकळी करावी, असा तो बाणा होता. त्या शाळांतून बसणारीं मुलें पुष्कळ काळपर्यंत बहुतांशीं वरिष्ठ जातींचीं होतीं, हें खरें. तें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण दार उघडण्याची दिशा ठरलेली होती.

आज खासगी शाळा या शब्दाचा अर्थ नेमका उलटा झाला आहे. जी शाळा अधिकांना बाहेर ठेवते ती अधिक चांगली, असा हिशेब रूढ होऊन बसला आहे. फी ही पूर्वीं शाळा चालविण्याचें साधन होती. आतां ती गाळणी झाली आहे. फी वाढली म्हणून कुरकुर करणारे पालकही मनांतून जाणतात कीं ती वाढल्यानें वर्गांतील ‘मंडळी’ अधिक निवडक होते. चिपळूणकरांच्या आणि फुल्यांच्या शहरांत ‘खासगी’ या शब्दाची ही गति व्हावी, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

शिवाय, त्या पिढीनें आपल्या खासगी शाळांची सबब पुढें करून सरकारला जबाबदारींतून कधीं मोकळें केलें नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना फुल्यांनीं बजावलें कीं सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामांतून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. न्यू इंग्लिश स्कुलांत आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत ज्यांनीं उमेदीचीं वर्षें घालविलीं त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९११ च्या मार्चांत वरिष्ठ कायदे मंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें. १९१२ च्या मार्चांत तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. खासगी शाळेंत घडलेला शिक्षक सार्वजनिक शाळेसाठीं झगडला, यांत त्याला किंवा त्याच्या पुणेकर मित्रांना कांहीं विसंगति वाटली नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना सक्तीचें शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. ज्या पालिकेच्या शाळेकडे आज आम्ही वळूनही पाहत नाहीं, तिच्या पायांतील दगड हे असे बसविलेले आहेत.

स्वातंत्र्यानंतरची कथा अधिक खेदाची आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्यासाठीं राज्यघटनेनें दहा वर्षांची मुदत घातली होती. १९६६ सालीं कोठारी आयोगानें सर्व थरांतील मुलें ज्या एका शाळेंत शेजारीं-शेजारीं बसतील अशा समान शाळेची शिफारस केली. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूरकडचे. मूलभूत हक्काची घटनादुरुस्ती व्हावयास २००२ साल उजाडलें. कायदा झाला २००९ सालीं आणि तो अंमलांत आला १ एप्रिल २०१० पासून. म्हणजे दहा वर्षांच्या कामाला साठ वर्षें लागलीं. आणि हा कायदा येऊन दोन-तीन वर्षें झालीं नाहींत तोंच महाराष्ट्रानें स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा २०१२ चा कायदा केला. त्याचें तात्पर्य हें कीं त्याखालीं नवी शाळा काढणारानें ती स्वतःच्या पैशानें चालवावी, सरकारच्या अनुदानाची आशा धरूं नये. स्वतःचा पैसा म्हणजे अखेर पालकाचा पैसा. शहराच्या कडेनें वाढलेल्या नव्या वसाहतींत फीच्या शाळांची जी रांग दिसते तिचें मूळ पुष्कळ अंशीं येथें आहे. या उलटसुलट कारभाराविरुद्ध सुशिक्षित पुणेकर सभा भरवून बसला, असें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्याचें मूल त्या वेळीं दुसरीकडे शिकत होतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं पालिकेच्या शाळेंत शिकवीत नाहींत. कांहीं ठिकाणीं हें खरें आहे, आणि तें खरें असतांना नाकारणें हा गरिबांच्या मुलांचाच द्रोह होय. पण खासगी शाळेंत हटकून शिकवितात, हा समज तरी किती तपासलेला आहे? २००८ पासून चार वर्षें आंध्र प्रदेशच्या खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. सोडत काढून कांहीं मुलांना खासगी शाळांची फी भरून देण्यांत आली, आणि ज्यांचें नांव सोडतींत निघालें नाहीं अशा मुलांशीं त्यांची तुलना करण्यांत आली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं तेलुगु आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. हिंदींत खासगी शाळांचीं मुलें बरीच पुढें होतीं, कारण सरकारी शाळांतून तो विषय बहुधा शिकविलाच जात नव्हता. खासगी शाळांचा दरडोई खर्च पुष्कळ कमी होता, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आणि तो कमी असण्याचें मोठें कारण शिक्षकांचा तुटपुंजा पगार हें होतें, हेंही. खेड्यांतल्या स्वस्त शाळा आणि पुण्यांतल्या महाग शाळा एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. पण शाळेच्या नांवावर जें यश आम्ही जमा करतों त्यांतलें बरेंचसें घरचें असतें, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. घरांत पुस्तकांचें कपाट, संध्याकाळीं अभ्यासास बसविणारी आई, अडलें तर शिकवणी लावण्याची ऐपत, एवढें असलेलें मूल कोणत्याही शाळेंत बहुधा तरून जातें. म्हणजे ज्यांना महागड्या शाळेची गरज सर्वांत कमी, तेच तिच्या दाराशीं रांग लावून उभे!

उलट, सरकारी शाळा चांगली होऊं शकते याचा पुरावा शोधीत फार दूर जावें लागत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, खेड तालुक्यांतील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेच्या शाळेस २०२५ सालीं जगांतील उत्कृष्ट शाळांसाठीं असलेल्या एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकांपैकीं लोकपसंतीचा मान मिळाला. पारितोषिकाचें आम्हांस फारसें अप्रूप नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं तेथें शिक्षकांच्या जोडीला गांव उभा राहिला. गांव उभा राहिला, कारण गांवचीं मुलें त्या शाळेंत होतीं.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. आमचा तर धंदाच इंग्रजीचा. म्हणून या बाबतींत अधिकारानें बोलण्यास हरकत नसावी. महाराष्ट्रांत जून २००० पासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जातें. पुढच्या वर्गांत गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकण्याची सोय पुष्कळ मराठी शाळांत आहे. पालिकेच्या स्वतःच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत. तेव्हां इंग्रजीसाठींच जर ही धांवपळ असती, तर निदान त्या शाळा पाहून येण्याची तसदी आमच्या वर्गानें घेतली असती. शिवाय पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवानें आम्ही सांगतों कीं इंग्रजी माध्यमांतून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांस इंग्रजी बोलतां येतें पण लिहितां येत नाहीं, आणि मराठी लिहितांही येत नाहीं व वाचतांही येत नाहीं. एका भाषेंत पक्कें बसलेलें मूल दुसरी भाषा उचलतें. दोहोंच्या मध्यें लोंबकळत राहिलेल्या मुलाचे दोन्ही हात रिकामे राहतात.

मग खरें कारण कोणतें? तें पांढरपेशा माणूस चारचौघांत बोलत नाहीं. पण अर्ज भरण्याच्या दिवसांत, स्वयंपाकघराच्या दाराशीं, आवाज थोडा उतरवून तें बोललें जातें : ‘तेथें कसलीं मुलें येतात, ठाऊक आहे ना?’ ठाऊक आहे. तेथें गवंड्याचीं, भाजीवाल्याचीं, रखवालदाराचीं, सफाई कामगाराचीं, आमच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचीं मुलें येतात. जिच्या हातची पोळी आम्हांस चालते, जिच्या हातीं घराची किल्ली देऊन आम्ही निर्धास्तपणें परगांवीं जातों, तिच्या मुलाशेजारीं आमचें मूल एका बांकावर बसलेलें आम्हांस चालत नाहीं! आमच्या पणज्यांना विटाळाचें भय होतें, आम्हांस सोबतीचें भय आहे. त्यांनीं आपल्या भयाला धर्म म्हटलें. आम्ही आपल्या भयाला ‘वातावरण’ म्हणतों. शब्द सभ्य झाला, भय तेंच राहिलें. चर्चा दर्जाची चालते, इंग्रजीची चालते, मैदानाची आणि प्रयोगशाळेची चालते. निवड मात्र या एका भयानें केव्हांच केलेली असते.

या भयाची किंमत दोन्ही बाजूंस द्यावी लागते. आमच्या वर्गांत दरवर्षीं जूनमध्यें अठरा वर्षांचीं मुलें येऊन बसतात. एकाच शहरांत, कधीं कधीं एकाच रस्त्यावर वाढलेलीं हीं मुलें त्या दिवशीं आयुष्यांत प्रथम एकमेकांस भेटतात. आणि दुसऱ्या दिवशीं खिडकीकडचे बांक एका जातकुळीचे व दाराकडचे दुसऱ्या, अशी वांटणी आपोआप झालेली असते. एका बाजूस संकोचानें तोंड उघडत नाहीं. दुसऱ्या बाजूस, ज्या शहरावर पुढें हुकमत चालवावयाची त्या शहराचें निम्मेंअधिक जीवन ठाऊकच नसतें. हीं दुसरीं मुलें उद्यां अधिकारी, वकील, डॉक्टर होणार. ज्यांच्या घरची भाकरी कधीं शाळेच्या डब्यांतून चाखली नाहीं, त्यांच्या दुःखाचा निवाडा तीं कशाच्या आधारानें करणार?

आणि शाळेचें काय होतें? शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी शाळेवर देखरेख ठेवण्यासाठीं व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें आहे; तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नियम आहे. योजना उत्तम आहे. पण ज्या पालकांनीं समितींत बसावयाचें त्यांची एका दुपारची मजुरी बुडते, आणि हिशेबाचा कागद वाचून ‘हे पैसे कोठें गेले?’ असें विचारण्याचें बळ त्यांच्यापैकीं पुष्कळांना अजून आलेलें नसतें. तें ज्यांना सहज आहे ते आम्ही, आपलें मूल घेऊन केव्हांच बाहेर पडलेले असतों. आम्ही बाहेर पडतांना नुसतें एक मूल नेत नाहीं. तक्रारअर्ज लिहिणारा हात, अधिकाऱ्यास दूरध्वनि करणारी ओळख आणि वर्तमानपत्रांत पोंचणारा आवाज, हींही बरोबर नेतों. मग चार वर्षांनीं त्याच शाळेकडे बोट दाखवून म्हणतों, ‘पाहा, काय अवस्था झाली आहे! बरें झालें, आपण घातलें नाहीं.’

या मनोवृत्तीचा सरकारी अवतार आपण नुकताच पाहिला. कायद्याप्रमाणें विनाअनुदानित खासगी शाळांनीं प्रवेशाच्या वर्गांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं राज्य सरकारनें नियम बदलला : एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेस हें बंधन नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें मे महिन्यांत त्यास स्थगिति दिली आणि १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द केला. न्यायालयानें लाज राखली. पण त्या नियमाचा अर्थ आम्हीं नीट वाचला काय? गरिबाच्या मुला, तुझी शाळा ती. श्रीमंताच्या मुला, तुझी ही. आणि दोघांच्या मध्यें एक किलोमीटरची रेघ! सरकारनें कागदावर ओढूं पाहिलेली ही रेघ आम्ही आपापल्या घरांत, कोणीं न सांगतां, पूर्वींच ओढून ठेवली आहे. म्हणून तिच्याविरुद्ध आमच्यांतून फारसा आवाज उठला नाहीं.

आम्ही सक्तीचे भोक्ते नाहीं. सरकारी तिजोरींतून पगार घेणारांनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळांतच घालावींत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१५ मध्यें दिला होता. वृत्त वाचून पुष्कळांनीं टाळ्या वाजविल्या. पण तो कागदावरच राहिला, आणि तसें होणार हें टाळ्या वाजविणारांसही ठाऊक होतें. मूल कोठें शिकावें हें आईबापांनींच ठरवावें, हें आम्हांस मान्य आहे. आमची मागणी एवढीच कीं तें खरोखर ठरवावें. ज्या दिवाळीनंतर आपण पांच खासगी शाळांचे उंबरठे झिजवितां, त्याच दिवाळीनंतर एक सकाळ घराजवळच्या पालिकेच्या शाळेंत आणि एक सकाळ पेठेंतल्या जुन्या अनुदानित मराठी शाळेंत घालवावी. वर्गांत बसावें, मुलांच्या वह्या पाहाव्या, शिक्षकांशीं बोलावें. शाळा चांगली दिसली तर मूल तेथें घालावें आणि समितींत उभें राहावें; पांच सुशिक्षित कुटुंबांनीं मिळून हें केलें तर त्या शाळेचें रूप पालटण्यास कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागणार नाहीं. नापसंत पडली तर घालूं नये. पण मग आपल्या नगरसेवकास नळाच्या पाण्याबद्दल आणि रस्त्यांतील खड्ड्यांबद्दल जसें खडसावतां तसें तिच्याबद्दलही खडसवावें, कारण कर आपणही भरतों. आणि एवढेंही होत नसेल, तर निदान ‘नाइलाज होता’ हा शब्द सोडून द्यावा. नाइलाज त्या शिपायाचा होता, ज्यानें आमच्याकडे पाहून कर्ज काढलें. आमचा नाइलाज नव्हता; आमची ती निवड होती.

मामांचें कर्ज अद्याप फिटावयाचें आहे. महिन्याच्या आरंभीं त्यांच्या पगारांतून हप्ता कापला जातो, आणि जामीनदार म्हणून त्या कागदावर आमचें नांव आहे. वाचकहो, त्या कर्जाला आम्ही नुसते सहीपुरतेच जामीन आहों काय?